तुरुंगातली लस, बाटली क्रमांक ५३-एन आणि दहा सह्यांचं पत्र

मागच्या भागात देवीच्या लसीबद्दल बोलताना मी जाताजाता हाफकिनचं नाव घेतलं होतं आणि म्हटलं होतं की या माणसाची गोष्ट सवडीनं सांगेन. आज ती सांगतो. पण चरित्र सांगणार नाही. जन्म कुठे, शिक्षण कुठे, हे तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मला बोलायचंय ते पुराव्याबद्दल. लस चालते की नाही हे ठरतं कसं? काही बिघडलं तर चूक कोणाची हे ठरवतं कोण? आणि ठरवणाराच चुकला तर पुढे काय?

या गोष्टीत एक तुरुंग आहे, पंजाबातलं एक खेडं आहे आणि लंडनच्या वर्तमानपत्राचं एक पान आहे. तिन्ही एकमेकांना जोडलेले आहेत, आणि जोडणारा धागा आहे प्लेगची लस.

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवीच्या वस्तीत माणसं तापानं आणि काखेत, जांघेत येणाऱ्या गाठींनी मरायला लागली. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग आहे असं सांगितलं. आपल्या जुन्या कागदपत्रांत त्याला 'ग्रंथिक सन्निपात' म्हटलेलं दिसतं. शहर रिकामं व्हायला लागलं. ऑक्टोबरमध्ये सरकारनं वाल्देमार हाफकिनला मुंबईला पाठवलं. हा ओडेसाचा ज्यू, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेला. १८९३ पासून तो हिंदुस्थानात पटकीची लस टोचत हिंडत होता, आग्र्यापासून कलकत्त्याच्या बस्त्यांपर्यंत.

मुंबईत त्याला जागा मिळाली ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये. अगदी तुटपुंजी जागा, हाताखाली मोजकी माणसं. तिथे त्यानं तीन महिन्यांत लस तयार केली. कशी? प्लेगचे जंतू रश्शात वाढवायचे, आणि रश्शावर तुपाचे थेंब सोडायचे. हो, आपलं साजूक तूप! तुपाच्या थेंबाला धरून जंतू वाढतात आणि गुहेच्या छतावरून चुनखडीच्या सुया लोंबाव्यात तसे खाली लोंबतात. बाटली हलवली की ते तळाशी पडतात, पुन्हा नवे लोंबतात. काही आठवड्यांनी सगळं तापवून जंतू मारायचे आणि वर थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं, म्हणजे दुसरं काही त्यात वाढू नये. हे कार्बोलिक लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

१० जानेवारी १८९७ ला हाफकिननं ती स्वतःला टोचून घेतली, नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट. ताप आला, उतरला. म्हणजे लस माणसाला मारत नाही एवढं कळलं. पण ती प्लेगपासून वाचवते का? ते एका माणसावर कळत नाही. त्यासाठी दोन गट लागतात, एकाच जागी राहणारे, एकच अन्न खाणारे, एकाच धोक्यात असलेले. एक टोचलेला, एक न टोचलेला. शहरात हे जमणं अशक्य. अर्धी माणसं गावाला पळालेली, उरलेली घरझडतीच्या भीतीनं आजारी माणूस लपवून ठेवणारी.

आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला.

संशोधकाच्या नजरेनं पाहिलं तर तुरुंग म्हणजे तयार प्रयोगशाळा. माणसं मोजलेली, रोज हजेरी, कोणी पळून जाणार नाही, आजारी पडलेला लपणार नाही. हाफकिनला हे माहीत होतं. पटकीच्या लसीची अशीच पाहणी त्यानं गयेच्या तुरुंगात केली होती. ३० जानेवारीला त्यानं भायखळ्याच्या कैद्यांपुढे लस ठेवली. सुमारे दीडशे जणांनी टोचून घेतली, त्याहून थोड्या जास्त लोकांनी घेतली नाही. पुढच्या आठवडाभरात काय झालं? न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, ६ मेले. टोचलेल्यांत दोघांना झाला, मेला कोणी नाही.

आकडे लहान आहेत. आजच्या निकषांवर त्यात खोट काढता येईल. माझ्या वर्गातली मुलं लगेच काढायची: "सर, ज्यांनी हात पुढे केला ते मुळातच धट्टेकट्टे असतील तर?" बरोबर आहे. चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते. पण १८९७ साली, महामारीच्या मध्यात, 'अमुक इतके टोचले, अमुक इतके नाही टोचले, आणि दोन्हीकडे काय झालं' असा हिशेब मांडणं हीच मोठी गोष्ट होती. त्या काळी बरेच डॉक्टर "माझ्या रोग्यांना गुण आला" एवढ्यावर थांबत.

आता जरा थांबू. कारण इथे मला एक गोष्ट टोचते, आणि हा विनोद नाही.

हे कैदी राजीखुशीनं पुढे आले असं कागद सांगतात. हाफकिन सक्तीच्या विरुद्ध होता हे खरं आहे. सरकारनंही लस ऐच्छिकच ठेवली होती. घरझडत्या, विलगीकरणाच्या छावण्या, स्टेशनांवरच्या तपासण्या, ही सक्ती मात्र भरपूर होती. त्या रागातूनच पुण्यात जून १८९७ मध्ये रँडवर गोळी झाडली गेली. तेव्हा बाहेरच्या मानानं तुरुंगातली टोचणी सौम्यच म्हणायची. पण भिंतीच्या आत, पलीकडच्या कोठडीतून प्रेत निघताना, जेलर आणि साहेब डॉक्टर समोर उभे असताना 'राजीखुशी' या शब्दाचा अर्थ काय उरतो? त्यांना शिक्षा झाली होती ती कोंडून ठेवण्याची. प्लेगच्या तोंडी बसण्याची शिक्षा कुठल्या न्यायाधीशानं दिली नव्हती. आणि एकदा त्या तोंडी बसल्यावर लस घेणं हा शहाणपणाचाच निर्णय होता, हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

हा प्रश्न पुढे जगभर चिघळला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात मलेरियाच्या औषधांचे प्रयोग कैद्यांवर झाले. न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांवर खटला चालला तेव्हा बचाव पक्षानं नेमकं त्याकडे बोट दाखवलं की तुम्हीही हेच करत होता. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेचं पहिलंच कलम संमतीचं आहे. आज आपल्याकडे आयसीएमआरच्या नियमांत कैद्यांची गणना असुरक्षित गटात होते, म्हणजे ज्यांच्या 'हो'वर सहज विश्वास ठेवायचा नाही असे लोक.

मला तुलनेसाठी आठवतं ते उंढेरा. मी बडोद्याचा, त्यामुळे हे गाव ओळखीचं. आता ते शहराला चिकटलंय. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे प्लेग होता. हाफकिननं एकेका कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचलं. एकच घर, एकच चूल, एकच उंदीर. ७१ जणांना लस दिली, त्यांतले ३ मेले. ६४ जणांना दिली नाही, त्यांतले २६ मेले. हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहायचो आणि मग खडू खाली ठेवायचो. पुरावा म्हणून भायखळ्यापेक्षा हा कितीतरी भक्कम. पण त्या २६ जणांच्या घरात नंतर काय बोललं गेलं असेल? गावात तुरुंग नव्हता, तरी प्रश्न तोच राहिला.

असो. लस चालते हे सिद्ध झालं. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली, हाफकिन तिचा प्रमुख. मागणी वाढत गेली. १९०२ मध्ये पंजाब सरकारनं लाखो लोकांना टोचायची योजना आखली. एवढी लस जुन्या रीतीनं बनेना, म्हणून परळला रीत बदलली. कार्बोलिक ॲसिड वगळलं आणि केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली. पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये असंच करत, त्यामुळे हा काही वेडा प्रयोग नव्हता.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल नावाचं गाव, आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी १०७ जणांना टोचलं. पाच बाटल्या वापरल्या. चार बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नाही. पाचव्या बाटलीवर क्रमांक होता ५३-एन. तिच्यातून १९ जणांना टोचलं. साधारण आठवड्यानं त्यांचे जबडे आवळायला लागले. धनुर्वात. एकोणीसच्या एकोणीस मेले.

बातमी पसरल्यावर काय झालं असेल ते सांगायला नको. पंजाबची मोहीम कोसळली. सरकारनं चौकशी नेमली. प्रमुख होते मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स, सोबत वैद्यकीय अधिकारी. या समितीचा निष्कर्ष असा की जंतू बाटली उघडण्याआधीच आत शिरले होते. म्हणजे परळला. म्हणजे हाफकिनच्या देखरेखीखाली. आणि बदल काय झाला होता? कार्बोलिक काढलं होतं. झालं, कारण सापडलं.

चौकशी समित्यांना अशी एक सवय असते, मी आयुष्यात दोन-तीन जवळून पाहिल्यात: कुठे बदल केला होता ते शोधा, आणि तिथेच बोट ठेवा. बदल दिसतो, म्हणून तोच दोषी.

हाफकिनवर खटला भरला नाही. भरला असता तर बरं झालं असतं, उलटतपासणी तरी झाली असती. त्याला पदावरून दूर केलं, तो इंग्लंडला गेला, आणि पगार, काम, नाव, सगळं टांगणीला लागलं. गुन्हा नाही, आरोपपत्र नाही, निकाल नाही, पण शिक्षा चालू. भायखळ्याच्या कैद्याला निदान सुटकेची तारीख माहीत होती. समितीचे कागद छापून लोकांसमोर यायला १९०६ साल उजाडावं लागलं.

ते कागद बाहेर आले तेव्हा ते वाचायला बसला रोनाल्ड रॉस. हो, मलेरियाचा रॉस. अल्मोड्यात जन्मलेला, हिंदुस्थानात लष्करी डॉक्टर म्हणून नोकरी केलेला. मुल्कोवालची दुर्घटना झाली त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं. रॉस स्वभावानं भांडखोर, आणि पत्र लिहिण्यात कमालीचा हौशी. डासावर काम करत असताना त्यानं लंडनच्या पॅट्रिक मॅन्सनला शंभरावर पत्रं लिहिली होती, ती आज छापलेली आहेत. असा माणूस आपल्या बाजूनं उभा राहणं हे हाफकिनचं नशीब. मार्च १९०७ पासून रॉसनं लिहायला सुरुवात केली, 'नेचर'मध्ये आणि लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये. मग २९ जुलै १९०७ ला 'द टाइम्स'मध्ये एक पत्र आलं, खाली दहा सह्या. रॉस, क्लाइन, सिम्स वुडहेड. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटचे सायमन फ्लेक्सनर. आणि सिम्पसन, जे एके काळी कलकत्त्याचे आरोग्य अधिकारी होते आणि ज्यांनी हाफकिनला तिथे काम करताना पाहिलं होतं. या दहा जणांचं म्हणणं एवढंच की परळवरचा आरोप टिकत नाही.

का टिकत नाही? मला या प्रकरणातला सगळ्यात आवडणारा भाग हा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पहिली गोष्ट चिमट्याची. मुल्कोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुडवून काढला आणि त्याच चिमट्यानं ५३-एनचं बूच काढलं. धनुर्वाताचे बीजाणू कुठे असतात? मातीत, शेणात. खेड्यातल्या अंगणात तर हमखास. आणि कार्बोलिकमध्ये क्षणभर बुडवून ते मरत नाहीत, फार चिवट असतात. ही साक्ष समितीपुढेही झाली होती! समितीनं ती बाजूला ठेवली.

दुसरी गोष्ट वासाची. ती बाटली भरल्याला एकेचाळीस दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू इतके दिवस बंद बाटलीत वाढले तर घाण वास सुटतो. ज्यांनी प्रयोगशाळेत ही बशी उघडलीय त्यांना तो विसरता येत नाही. टोचणाऱ्या डॉक्टरनं बाटली हुंगली होती, वास नव्हता.

तिसरी गोष्ट दिवसांची. एकेचाळीस दिवस वाढलेले जंतू म्हणजे बाटलीभर तयार विष. ते टोचलं तर लक्षणं फार लवकर दिसायला हवीत. इथे आठवडा गेला. म्हणजे शरीरात विष नाही, थोडे बीजाणू गेले, आणि विष तिथे तयार झालं. जसं पायात खिळा घुसल्यावर होतं, तसं.

माती, वास आणि दिवस. तिन्ही एकाच जागेकडे बोट दाखवतात, आणि ती जागा परळ नाही.

कार्बोलिकबद्दल माझं मत विचाराल तर, ते काढण्यात मला थोडी घाई दिसते. ते असतं तर उघडलेल्या बाटलीत शिरलेले जंतू वाढायला अडथळा झाला असता. पण त्या दिवशी उघडून त्याच दिवशी टोचलेल्या बाटलीत बीजाणू मारायला ते पुरलं असतं असं मला वाटत नाही. हाफकिनच्या निर्णयात त्रुटी काढता येते, पण ती त्रुटी म्हणजे या १९ मृत्यूंचं कारण नव्हे. समितीनं नेमकी या दोन गोष्टींची गल्लत केली.

मग हे सगळं पत्रातच का लिहिलं? शोधनिबंध लिहिता आला असता, अर्ज करता आला असता. पण अर्ज ज्यांच्याकडे करायचा त्यांनीच निकाल दिला होता. आणि निबंध वाचणार कोण, तर ज्यांना आधीच पटलंय ते. 'द टाइम्स'मधलं पत्र सकाळी चहाबरोबर पार्लमेंटचे सदस्य वाचत, हिंदुस्थान खात्याचे अधिकारी वाचत. त्याखाली नाव आणि सही असे, म्हणजे चुकलं तर अब्रू जाणार. अहवालात समिती बोलते, पत्रात माणूस बोलतो. त्या काळच्या लोकांना याची ताजी आठवणही होती: फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्याला एका चिठ्ठीवरचं हस्ताक्षर चुकीनं त्याचं ठरवून जन्मठेप झाली, आणि जानेवारी १८९८ मध्ये झोलानं वर्तमानपत्रात राष्ट्राध्यक्षांना लिहिलेल्या उघड्या पत्रानं ते प्रकरण फिरवलं. हाफकिनही ज्यू. त्याच्या प्रकरणाला पुढे 'छोटं ड्रायफस प्रकरण' असं नाव पडलं.

नोव्हेंबर १९०७ पर्यंत सरकार नमलं. हाफकिनला पुन्हा नोकरीवर घेतलं. पण परळ मिळालं नाही, तिथे दुसरा प्रमुख बसला होता. कलकत्त्याला एक जागा दिली, आणि नव्या लसींची माणसांवर चाचणी घ्यायची मुभा नाही. म्हणजे दोषमुक्त, पण विश्वास नाही. तो काही वर्षं तिथे राहिला, निवृत्त झाला, युरोपला गेला, आणि १९३० मध्ये लोझानला वारला. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्याचं नाव दिलं, तेव्हा तो हजारो मैल दूर होता. मधल्या काळात हिंदुस्थानात प्लेगनं मेलेल्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली होती. त्यांतले किती जण मुल्कोवालच्या भीतीनं टोचून न घेता राहिले, याचा हिशेब कुठल्या समितीनं केला नाही.

हे कागद वाचताना मला एक गोष्ट खटकत राहिली. हाफकिनसाठी दहा मोठ्या माणसांनी पत्र लिहिलं, आणि ते योग्यच केलं. भायखळ्याचे कैदी मात्र त्यात 'टोचलेले' आणि 'न टोचलेले' एवढेच आहेत. मुल्कोवालचे एकोणीस जण सगळ्या वादाच्या केंद्रस्थानी आहेत, पण चर्चा आहे ती बाटलीची, चिमट्याची, परळची. बाटलीचा क्रमांक मला पाठ झालाय, तुम्हालाही होईल. त्या एकोणिसांतलं एकही नाव मी तुम्हाला सांगू शकत नाही.

आज लसीकरणानंतर कोणाला काही झालं तर चौकशीत पहिला प्रश्न हाच असतो: बिघाड कारखान्यात झाला की टोचताना? म्हणून बॅच क्रमांक लिहून ठेवतात, एकाच कुपीतून आणखी कोणाला दिलं ते शोधतात, उघडलेली कुपी जपून ठेवतात. तुमच्या आरोग्य केंद्रातली परिचारिका कुपीवर उघडल्याची तारीख आणि वेळ लिहिते ना, ती लिहिते म्हणून वैतागू नका.

पुढच्या भागात रॉसची मॅन्सनला लिहिलेली पत्रं काढू. १८९७ चं सिकंदराबाद, आणि त्यात एक रोगी आहे, हुसेन खान. डासांना आपलं रक्त पिऊ द्यायचे तो रॉसकडून पैसे घ्यायचा, डासामागे एक आणा. त्याचं नावही राहिलंय आणि दरही.